चित्राखाली ‘सौजन्य : इंटरनेट’ छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत चित्रकला, छायाचित्रण आणि सजावटीवरचे लेख नियमित येतात. लेख वाचनीय असतात, पण सोबतच्या चित्राखाली बहुतेक वेळा ‘छायाचित्र सौजन्य : इंटरनेट’ एवढेच असते. हे फक्त आपल्याच वृत्तपत्रात होते असे नाही. दिवाळी अंक, मंडळांच्या स्मरणिका, महाविद्यालयांची नियतकालिके, सगळीकडे हाच रिवाज पडला आहे. आम्ही उपयोजित कला, अक्षररचना आणि छायाचित्रण शिकवणारी मंडळी आहोत. या रिवाजाबद्दलची आमची तक्रार नीतीची नंतर आहे, आधी कामाची आहे. इंटरनेटवर पाहून काही सुचावे असे वाटत असेल, तर चित्राचा कर्ता, साल, माध्यम, आकार आणि ते कोणाच्या संग्रहात आहे हे माहीत असावे लागते. तेवढे हाताशी असले की त्या चित्राच्या मागे जाता येते, त्याची भावंडे शोधता येतात, ते कसे बनले हे समजून घेता येते. ते नसेल तर हातात उरते फक्त नक्कल.

चित्र डोळ्यांना दिसते आहे, मग बाकीची उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. आधी साधे गणित पाहू. चित्रे जमवून ठेवण्याच्या ‘पिंटरेस्ट’ या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेले चित्र बहुधा ७३६ पिक्सेल रुंद असते. गुळगुळीत कागदावर नीट छापायला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. म्हणजे ते जेमतेम सव्वासहा सेंटिमीटर रुंद छापता येते. वृत्तपत्राच्या कागदाला इंचाला २०० पुरतात, पण तिथेही साडेनऊ सेंटिमीटरच्या आतच थांबावे लागते. ए-फोर पानभर चित्राला २४८० बाय ३५०८ पिक्सेल हवेत. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले चित्र लांब बाजूला १६०० पिक्सेलच्या आसपास येऊन बसते आणि कॅमेरा, शटर, ॲपर्चर, तारीख ही फाइलमध्ये दडलेली माहिती वाटेत पुसली जाते. मग ते चित्र संगणकावर ‘मोठे’ केले जाते. मोठे करणारी आजची साधने नसलेला तपशील अंदाजाने भरतात. पैठणीच्या पदरावरचा मोर त्यातून मोरासारखाच दिसतो, पण विणकराने धागे मोजून चढवलेल्या बारीक पायऱ्या जाऊन तिथे गुळगुळीत वळणे येतात. विणलेल्या नक्षीतून ज्याला काही घ्यायचे होते, त्याला नेमक्या त्या पायऱ्याच हव्या होत्या.

रंगांचे तर विचारूच नका. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये डच चित्रकार व्हर्मीरचे दूध ओतणाऱ्या बाईचे प्रसिद्ध चित्र आहे. त्याच्या दहा हजारांहून जास्त प्रती इंटरनेटवर फिरत होत्या आणि त्यातल्या बहुतेक पिवळट होत्या. परिणाम असा झाला, की संग्रहालयाच्या दुकानातले खऱ्या रंगांचे पोस्टकार्डच लोकांना खोटे वाटू लागले. संग्रहालयाने यावर मनाईचे फलक लावले नाहीत. स्वतःच उत्तम प्रत, पूर्ण माहितीसकट, सर्वांना खुली केली. २०१२ मध्ये त्यांचा ‘राइक्सस्टुडिओ’ हा ऑनलाइन संग्रह सुरू झाला तेव्हा त्यात सव्वा लाख कलाकृती होत्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुमारे पावणेचार लाख चित्रे कोणत्याही वापरासाठी मोकळी केली. क्लीव्हलँडचे कलासंग्रहालय जानेवारी २०१९ मध्ये त्याच वाटेने गेले, आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनने फेब्रुवारी २०२० मध्ये २८ लाख प्रतिमा दिल्या. यातले काहीही पाहायला किंवा उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत. तरीही आपल्याकडे संदर्भ म्हटला की हात पहिला जातो तो चौथ्या-पाचव्या हातून आलेल्या, कडा कापलेल्या चित्राकडे.

या संग्रहांत शोधायचे कसे, हे मात्र शिकावे लागते. ‘इंडियन पॅटर्न’ असे शोधले तर संगणकावर काढलेल्या तयार नक्षीचा ढीग पुढे येतो. त्यातली निम्मी कुठल्याच प्रदेशाची नसते. कारागिराचा शब्द वापरावा. पैठणी हवी असेल तर असावली, बांगडी मोर, नारळी काठ अशी नक्षीची आणि काठांची नावे. संग्रहालयाच्या सूचीत शोधताना नोंद करणाऱ्याच्या काळाचा शब्द वापरावा : पुणे नव्हे तर ‘पूना’, मुंबई नव्हे तर ‘बॉम्बे’, विजापूरसाठी ‘बीजापूर’. विभाग कोणता हेही पाहावे. अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा येथली दख्खनी चित्रे मेट्रोपॉलिटनमध्ये इस्लामी कलेच्या विभागात आहेत, तर राजस्थानी आणि पहाडी चित्रे आशियाई कलेच्या विभागात. ‘भारतीय चित्रे’ म्हणून एकाच दालनात शोधणाऱ्याला दख्खनचा पत्ताच लागत नाही, आणि मराठी माणसाला सगळ्यात जवळची चित्रपरंपरा तीच आहे. शोधताना ‘खुली प्रत’ ही चाळणी लावायला विसरू नये, नाहीतर शेवटी फक्त पाहता येणारे, उतरवून न घेता येणारे चित्र हाती लागते. गूगल आर्ट्स अँड कल्चरवर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या वस्तू खूप जवळ जाऊन पाहता येतात. अभ्यासाला ते उत्तम, छपाईला उपयोगाचे नाही.

आणखी एक युक्ती, जी शिकवल्याशिवाय कोणाला सुचत नाही. प्रत्येक वस्तूला नोंदणी क्रमांक असतो. एकाच देणगीतून आलेल्या वस्तूंना बहुधा लागोपाठचे क्रमांक मिळतात. आवडलेल्या वस्तूच्या क्रमांकाच्या पुढचे-मागचे दहा क्रमांक चाळले, तर एका संग्राहकाने विचारपूर्वक जमवलेला गट समोर येतो. समाजमाध्यमांचे ‘आणखी असेच’ बटण याच्या उलट काम करते. ते तुम्हाला आवडलेल्या गोष्टीसारखीच गोष्ट दाखवते, मग तिच्यासारखी, मग तिच्यासारखी. तासाभराने पडद्यावर एकच मंडल चाळीस रंगांत असते. त्यातून थकवा येतो, कल्पना येत नाही. तेथून निघायचे असेल तर एक बाजू कायम ठेवून दुसरी बदलावी. काळ तोच ठेवून माध्यम बदलावे, किंवा माध्यम तेच ठेवून देश बदलावा.

आता पाहायचे कसे. सगळ्यांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ, जपानी चित्रकार होकुसाईची मोठी लाट. टी-शर्टपासून मोबाइलच्या कव्हरपर्यंत ती सगळीकडे आहे, म्हणूनच ती कोणी पाहत नाही. मेट्रोपॉलिटनमधल्या प्रतीचा क्रमांक जेपी१८४७. काळ सुमारे १८३०-३२. लाकडी ठोकळ्यांवरून कागदावर छपाई. आकार सुमारे २६ बाय ३८ सेंटिमीटर. हा आकार वाचल्याबरोबर पहिला गैरसमज जातो : ही भिंतभर लाट नाही, मांडीवर ठेवून पाहायचा कागद आहे. आता चित्र पडद्यावर दोन सेंटिमीटरचे करा. काय उरते? डावीकडचा लाटेचा पंजा, खालची दरी आणि दरीत बसलेला फुजी पर्वत. मग रंग काढून करड्या छटांत पाहा. मग पाच बाय सात सेंटिमीटरच्या चौकटीत ब्रशपेनने फक्त तीन छटांत, कागद, करडा आणि काळा, दोन-तीन मिनिटांत उतरवा. रेषा आखायच्या नाहीत, डाग ठेवायचे. अशा एका पानावर सहा-आठ चौकटी होतात आणि चौथ्या-पाचव्या चौकटीत कळते, की चित्राचा जीव लाटेत नसून लाटेखालच्या रिकाम्या पांढऱ्या जागेत आहे. मग शेवटी पूर्ण मोठे करून पाहा. बाह्यरेषा काळ्या नाहीत, निळ्या आहेत! ७३६ पिक्सेलच्या प्रतीत हे कधीच कळत नाही. त्या काळी जपानात नव्याने सुलभ झालेल्या ‘प्रशियन निळा’ या परदेशी रंगाचा तो खेळ आहे. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये याच चित्राच्या आणखी प्रती आहेत. त्या शेजारी उघडल्या की आभाळाचा रंग प्रतीगणिक वेगळा दिसतो आणि ठोकळा झिजल्यावर चौकटीच्या बारीक रेषेत पडलेल्या तुटीही दिसतात. मूळ चित्र ‘एकच’ नसते, हा छपाईच्या कलेतला पहिला धडा तिथे फुकट मिळतो.

हा क्रम उलटा केला, म्हणजे आधीच मोठे करून तपशील पाहू लागलो, की हात तपशिलाची नक्कल करू लागतो. विद्यार्थ्यांच्या वह्यांत सर्वाधिक दिसणारी चूक हीच. फेसाची बोटे हुबेहूब, आणि मांडणी कोसळलेली.

आपल्या घरचे उदाहरण राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांचे. त्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वती आजही कॅलेंडरावर, उदबत्तीच्या पुड्यावर, मंडळाच्या पावतीपुस्तकावर आहे. ही चित्रे शिळाछपाईची. प्रत्येक रंगछटेला वेगळा दगड, आणि छटा हाताने टिंबे देऊन उठवलेल्या. जुनी, चांगली स्कॅन केलेली प्रत मोठी करून पाहिली तर गालावर आणि साडीच्या चुण्यांत ती अनियमित टिंबे दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईची टिंबे ओळीत, ठरलेल्या कोनात बसतात. त्यामुळे एखादी ‘जुनी’ लक्ष्मी खरोखर शिळाछपाईची आहे, की मागाहूनच्या पुस्तकातून स्कॅन केलेली, हे टिंबांवरून ओळखता येते. दुसरी खूण खालच्या समासात असते. तिथे चित्राचे नाव आणि छापखान्याचे नाव छापलेले असे. इंटरनेटवर फिरताना कोणीतरी समास कापतो, कोणीतरी रंग भडक करतो, कोणीतरी पार्श्वभूमी काढून देवीला एकटी उभी करतो. शेवटी आपल्या हातात येते ती दागिने आणि कमळ असलेली एक बाहुली. पार्श्वभूमीच गेली, तर जलाशय, दूरची झाडी आणि युरोपीय पद्धतीने मागे फिकट होत गेलेले आकाश यांनी देवी पुढे कशी आणली, हे कळणार कसे?

अजिंठ्याबाबत तर इंटरनेटने खरोखर उपकार केले आहेत. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने तिथल्या भित्तिचित्रांच्या केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. त्यानंतर जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यातल्याही काही १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. उरलेल्या तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येतात. सगळे पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या प्रसिद्ध चित्राच्या मागे लागतात. डिझाइन करणाऱ्याने आधी छते पाहावीत. चौकोनी घरे पाडलेली, घराघरात कमळ, हंस, फळे, वेली. एका छताच्या चौकटी कागदावर आखून आत काय आहे ते नुसते लिहीत गेले तरी लक्षात येते, की सांगाडा तोच राहतो आणि आतला ऐवज बदलत जातो. आजच्या नक्षीत आपण एक तुकडा बनवून तो संगणकाला शंभरदा डकवायला सांगतो. डोळा तिसऱ्या तुकड्याला कंटाळतो. निमंत्रणपत्रिकेची किनार करताना सांगाडा एक आणि तुकडे पाच-सहा केले, तर श्रम फार वाढत नाहीत. मात्र या प्रतिकृतींतून रंग घेऊ नयेत. त्या तैलरंगात केल्या आहेत, भिंतीवरचे मूळ रंग तैलरंग नव्हेत. तिथून मांडणी घ्यावी. आणि या संग्रहालयाच्या वापराच्या अटी मेट्रोपॉलिटनइतक्या मोकळ्या नाहीत, विक्रीच्या वस्तूवर छापण्याआधी त्या वाचाव्यात.

देवनागरी अक्षरांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण इथे उसनवारी सगळ्यात महाग पडते. रोमन सुलेखनाचे हजारो नमुने इंटरनेटवर आहेत आणि ते पाहून मराठी शीर्षके केली जातात. अडचण अशी की बोरू तिरका कापतात, आणि त्याचा तिरकसपणा रोमन टाकाच्या उलट बाजूला असतो. त्यामुळे जाड आणि बारीक रेषा देवनागरीत वेगळ्या जागी पडतात. रोमन टाकाची सवय मराठी अक्षरावर चढवली, की ‘र’ आणि ‘त’ कुठेतरी लंगडतात. वाचकाला कारण सांगता येत नाही, पण खटकते. म्हणून नमुना देवनागरीचाच घ्यावा : पोथ्यांची पाने, जुन्या छापखान्यांची शीर्षके, हाताने रंगवलेल्या दुकानाच्या पाट्या. नमुन्यावर ट्रेसिंग कागद ठेवून आधी शिरोरेषेची जाडी मोजावी, मग शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत ती जाडी किती वेळा बसते ते लिहावे, मग ‘अ’, ‘क’, ‘ग’, ‘म’ यांच्या पोटातली मोकळी जागा. एवढे चार आकडे काढले की नमुन्याची चाल हातात येते आणि नमुन्यात नसलेली अक्षरेही त्याच चालीत लिहिता येतात.

मुंबईच्या उपनगरी स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून ‘यात्रा’ हा फॉन्ट झाला, तो याच मार्गाने. तो गूगल फॉन्ट्सवर मोफत आहे. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’, ‘बालू’, ‘मोदक’ हेही तिथेच. या फॉन्टांचा परवाना व्यावसायिक कामालाही चालतो; फक्त नुसता फॉन्ट विकता येत नाही. वापरताना दोन गोष्टी हमखास बिघडतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते किंवा जोडाक्षर तुटते. तिथे पसंतीक्रमात ‘टाइप’खाली दक्षिण आशियाई लिपी सांभाळणारे टेक्स्ट इंजिन निवडून नवी फाइल उघडली की हे सुटते. दुसरे म्हणजे ‘ल’ आणि ‘श’. मराठी वळण हिंदीपेक्षा वेगळे आहे. अनेक चांगल्या फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडल्याशिवाय मराठी वळण बाहेर येत नाही. मराठी शीर्षकात हिंदी वळणाचा ‘ल’ दिसला, की डिझायनरने ही खूण केलेली नाही असे खुशाल समजावे.

छायाचित्रांतून शिकणे तुलनेने सोपे, कारण प्रकाश खोटे बोलत नाही. माणसाच्या डोळ्यातला चमकता ठिपका मोठा करून पाहा. चौकोनी असेल तर खिडकी किंवा सॉफ्टबॉक्स (दिव्यावरची पांढऱ्या कापडाची पेटी), गोल असेल तर दिव्याची छत्री, कंकण असेल तर रिंगलाइट (कड्यासारखा दिवा). ठिपका बाहुलीच्या वर डावीकडे असेल तर दिवा छायाचित्रकाराच्या डाव्या हाताला, उंचावर. नाकाच्या सावलीची कड पाहा : धारदार असेल तर प्रकाशाचा उगम लहान किंवा दूर, विरघळणारी असेल तर मोठा किंवा जवळ. पार्श्वभूमी काळी पडली आहे ती काळा पडदा लावून, की माणूस भिंतीपासून चार-पाच मीटर पुढे बसवून, हे भिंतीचा पोत दिसतो का यावरून ठरते. ‘फ्लिकर’ या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर छायाचित्रकाराने मुभा दिली असेल तर शटर, ॲपर्चर आणि आयएसओ खालीच दिलेले असतात. आधी स्वतः अंदाज करून मग ते पाहावेत. त्यानंतर तोच प्रकाश घरातली खिडकी आणि थर्माकोलचा एक पत्रा यांवर उभा करून पाहावा, विषय मात्र वेगळा ठेवून. तोच विषय, तीच पोज, तोच कोन घेतला तर शिकण्याऐवजी पडताळणी होते.

रंगसंगती ‘उचलण्याचा’ प्रकारही सुधारायला हवा. आयड्रॉपरने (चित्रातला रंग टिपणाऱ्या साधनाने) एका टिचकीत घेतलेला रंग हा एका पिक्सेलचा रंग असतो, आणि जेपीईजी फाइल दाबून लहान करताना शेजारचे पिक्सेल विटतात. नमुन्याचे क्षेत्र ११ बाय ११ पिक्सेलच्या सरासरीवर ठेवावे. त्याहून बरे म्हणजे चित्र सहा रंगांपर्यंत उतरवून प्रत्येक रंगाने किती जागा व्यापली ते पाहावे. कोणते रंग आहेत यापेक्षा कोणता किती आहे यावर संगती ठरते. राणी रंगाची चिमूट मोठ्या मोतिया जागेत उठते. दोन्ही निम्मेनिम्मे केले की भांडण. पडद्यावरचा पोपटी आणि राणी छपाईच्या चार शाईंत तसाच येत नाही, मळतो. म्हणून काम सुरू करतानाच छपाईत रंग कसे दिसतील ते पडद्यावर दाखवणारा पूर्वदर्शी देखावा चालू ठेवावा, शेवटी नव्हे. वृत्तपत्री कागद शाई पितो. चारही शाईंची बेरीज २४० टक्क्यांच्या आत ठेवली नाही तर काळोख्या भागातला तपशील बुडतो आणि मागच्या पानावर छाया उमटते. आपल्या छपाई विभागाला हे आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, पण चित्र पाठवणाऱ्या लेखकांना सहसा नसते.

आता हक्कांविषयी. ‘नाव दिले की झाले’ हा समज चुकीचा आहे. नाव देणे आणि परवानगी असणे या वेगळ्या गोष्टी. भारतीय कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. रविवर्मा १९०६ मध्ये गेला, त्याची चित्रे कधीच मोकळी झाली. छायाचित्रांना पूर्वी प्रकाशनापासूनची मुदत होती. २०१२ च्या दुरुस्तीने ती तरतूद गेली आणि छायाचित्रकारालाही हयातभर अधिक ६० वर्षे मिळाली. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांत ‘सीसी शून्य’ पूर्ण मोकळा. ‘बीवाय’ म्हणजे नाव द्या. ‘एनसी’ म्हणजे व्यवसायासाठी नको, आणि जाहिराती असलेली स्मरणिका व्यवसायात मोडू शकते. ‘एनडी’ म्हणजे बदल करू नका, त्यात कापणेही येऊ शकते. ‘अनस्प्लॅश’ या संकेतस्थळावरची बरीच छायाचित्रे मोफत असतात, पण त्यातल्या माणसाने जाहिरातीला संमती दिली आहे याची हमी त्यात नसते.

वारली चित्रांचे प्रकरण कायद्याच्या पलीकडे जाते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस होतो, एवढेच इंटरनेटवरून शिकून जो तो ट्रेवर आणि उशीच्या अभ्र्यावर तारपा, म्हणजे त्या नावाच्या वाद्याभोवतीचा फेर, नाचवतो. संगणकावर काढलेल्या त्या तारप्यात सगळी माणसे एकाच साच्यातली, सारख्या अंतरावर असतात. गेरूच्या भिंतीवर बांबूच्या काडीने तांदळाच्या पिठाचा रंग देताना रेषा कुठे जाड पडते, कुठे सुकते. नाचणाऱ्यांच्या वेटोळ्यात अंतर कमी-जास्त होते, आणि त्यातूनच फेर फिरतो. शिवाय लग्नचौक हा लग्नाच्या विधीचा भाग आहे, त्यात पालघट देवी असते. तो पायपुसण्यावर छापण्याची वस्तू नव्हे. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ज्याला वारली चित्र हवे आहे त्याने वारली चित्रकाराकडून ते करून घ्यावे. प्रेरणाच हवी असेल तर वेटोळ्याची रचना घ्यावी, माणसे आपली काढावीत.

अलीकडे यात यंत्राने बनवलेल्या चित्रांची भर पडली आहे. ‘पेशवेकालीन वाडा’ म्हणून फिरणाऱ्या चित्रात खांबांची संख्या वर वेगळी आणि खाली वेगळी, पाटीवर देवनागरीसारखी दिसणारी पण न वाचता येणारी अक्षरे. उलट शोध करून, म्हणजे गूगल लेन्स किंवा टिनआयवर चित्र टाकून, जुन्यात जुनी आणि मोठ्यात मोठी प्रत कुठे आहे हे पाहायला दोन मिनिटे लागतात. कोणत्याही संग्रहाची नोंद सापडली नाही तर ते चित्र ऐतिहासिक संदर्भ म्हणून छापू नये.

संपादक महोदय, आपल्याकडून आम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत. लेखकांकडून चित्र मागवताना लांब बाजू किमान २००० पिक्सेल आणि मूळ नोंदीचा दुवा, दोन्ही मागा. परवाना कोणता हे लेखकाकडून लिहून घ्या. आणि ओळ अशी छापा : ‘कात्सुशिका होकुसाई, कानागावाजवळची मोठी लाट, सु. १८३०-३२, लाकडी ठोकळ्यांची छपाई, मेट्रोपॉलिटन म्युझियम, जेपी१८४७’. तेराच शब्द होतात. दोन स्तंभांच्या चित्राखाली ते सहज मावतात. एका स्तंभाच्या चित्रात अडचण आली तर चित्राचे नाव गाळले तरी चालेल; संग्रहाचे नाव आणि क्रमांक ठेवा, कारण वाचकाला त्या दोहोंवरून बाकीचे सगळे स्वतः शोधता येते.

आपले,
उपयोजित कला, अक्षररचना व छायाचित्रणाचे काही शिक्षक,
पुणे